हेमा: स्वस्ताईचे शतक, कर्जाचे ओझे

‘हेमा’ हे नाव मराठी कानाला घरचे वाटले, तरी ते नेदरलँड्समधील एका लोकप्रिय दुकानसाखळीचे आहे. ‘आम्स्टरडॅमची डच एकभाव कंपनी’ अशा अर्थाच्या डच नावाची ही आद्याक्षरे आहेत. २०२६ हे या कंपनीचे शताब्दी वर्ष. तिचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या साखळीला सर्वांत मोठा धोका निर्माण झाला तो ग्राहकांनी पाठ फिरवल्यामुळे नव्हे, तर मालकी बदलताना वाढत गेलेल्या कर्जामुळे.

आम्स्टरडॅममधील ‘बायेनकॉर्फ’ हे सुखवस्तू ग्राहकांचे मोठे दुकान. त्याच्या संचालकांनी सामान्य माणसासाठी ४ नोव्हेंबर १९२६ रोजी शहरातील काल्फरस्ट्राट या रस्त्यावर पहिले ‘हेमा’ उघडले. तेथे वस्तू १०, २५ आणि ५० सेंट अशा ठराविक किमतींनाच मिळत. घासाघीस नाही आणि फसवणुकीची भीतीही नाही. मोजून पैसे खर्च करणाऱ्या कुटुंबांना हा मोठाच दिलासा होता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या काळात कंपनीच्या ज्यू संचालकांना दूर करण्यात आले. अनेक ज्यू कर्मचारी वंशसंहाराचे बळी ठरले. युद्धानंतर वाढत्या महागाईत एकभावाची पद्धत मागे पडली, परंतु साधी, टिकाऊ आणि परवडणारी वस्तू हे सूत्र कायम राहिले. १९५८ पासून स्थानिक व्यापाऱ्यांना ‘हेमा’च्या नावाने दुकान चालवण्याची मुभा मिळाली आणि साखळी लहान गावांत पोहोचली. १९८३ पासून घेतल्या जाणाऱ्या रचना स्पर्धेने स्वस्त वस्तूही देखणी असू शकते, हा विचार रुजवला. येथील धुरावलेले सॉसेज तर डच जीवनाचा भागच बनले.

मालक बदलले, कर्ज वाढले

१९९९ मध्ये ‘हेमा’ची मूळ कंपनी ‘व्हेंडेक्स’ समूहात विलीन झाली. २००४ मध्ये हा संपूर्ण समूह अमेरिकेच्या केकेआर या खासगी गुंतवणूक कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाने विकत घेतला. २००७ मध्ये ‘हेमा’ लंडनच्या लायन कॅपिटलकडे गेली. अशा व्यवहारांत खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग विकत घेतलेल्या कंपनीच्याच खात्यावर चढतो. दुकानातील कमाई मग नूतनीकरणाऐवजी व्याजाकडे वळते.

२०१८ मध्ये डच उद्योगपती मार्सेल बूकहोर्न यांनी कंपनी घेतली, पण ओझे हलके झाले नाही. २०२० मध्ये कोविडच्या साथीचा विक्रीला फटका बसला, तेव्हा सुमारे ७५ कोटी युरोचे कर्ज डोईजड झाले. अखेर रोखेधारकांनी कर्जाच्या मोठ्या भागावर पाणी सोडले आणि त्या बदल्यात कंपनीचा ताबा घेतला. कर्ज सुमारे ३० कोटी युरोवर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस पारकॉम ही गुंतवणूक कंपनी आणि ‘युम्बो’ सुपरमार्केट चालवणारे व्हॅन एर्ड कुटुंब यांनी ‘हेमा’ घेण्याचे ठरवले.

एकेकाळी त्याच समूहात असलेल्या ‘व्ही अँड डी’ला असे जीवदान मिळाले नाही. १८८७ मध्ये सुरू झालेली ती साखळी २०१५ च्या शेवटच्या दिवशी दिवाळखोर ठरली आणि हजारो कर्मचाऱ्यांचे रोजगार गेले.

स्वस्त विक्रीच्या धंद्यात प्रत्येक वस्तूमागे नफा थोडाच असतो. त्यातून पगार, भाडे आणि नव्या मालाची तरतूद करायची असते. व्याजाचा मोठा वाटा त्यातून निघू लागला, की भाव वाढवणे किंवा दर्जा उतरवणे हेच मार्ग उरतात आणि दोन्ही ग्राहकाच्या विश्वासावर घाव घालतात. ‘हेमा’ वाचली, कारण तो विश्वास अद्याप शिल्लक होता आणि धनकोंनाही बंद दुकानांपेक्षा चालू दुकाने अधिक मोलाची वाटली. नव्या शतकात ही साखळी किती टिकेल, हे त्या पुंजीची राखण मालक किती जपून करतात, यावर अवलंबून राहील.