प्रतिकारशक्तीच्या भरवशावर गाठ अंगावर काढू नका

‘मॅडम, त्याची इम्युनिटी कमी पडली का हो?’ वृषणाच्या कर्करोगाचा रिपोर्ट हातात घेतलेले आईवडील मला हे हमखास विचारतात. जिल्ह्याच्या गावात मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्लाइडवर जे दिसतं, तेच त्यांना सांगते.

सेमिनोमा हा या कर्करोगाचा एक मुख्य प्रकार. त्याच्या स्लाइडवर मोठ्या, फिकट कर्कपेशींचे पुंजके दिसतात आणि त्यांच्या मधल्या तंतूंच्या पट्ट्यांमध्ये गर्द जांभळ्या ठिपक्यांची दाटी असते. हे ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, त्यातही बहुतेक टी-पेशी. प्रतिकारशक्ती तिथे पोहोचलेली असते, भरपूर असते. तरीही गाठ वाढत राहते.

त्याचं एक कारण वृषणाच्या घडणीत आहे. शुक्राणू तयार होऊ लागतात ते वयात आल्यावर. तोवर आपलं कोण आणि परकं कोण हे प्रतिकारयंत्रणा शिकून बसलेली असते, त्यामुळे शुक्राणू तिला परकेच वाटतील. म्हणून वृषणातल्या सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट बिलगून शुक्राणूंभोवती भिंत उभारतात, आणि एकूणच या अवयवात प्रतिकाराला लगाम घातलेला असतो. शिवाय सेमिनोमाच्या पेशींवर पीडी-एल१ हे प्रथिन बऱ्याचदा सापडतं. टी-पेशींना ते थोपवून धरतं.

हा अडसर काढणारी इम्युनोथेरपीची औषधं फुफ्फुसाच्या कर्करोगात उपयोगी पडली. साहजिकच इथेही आशा होती. केमोथेरपीला न जुमानणाऱ्या १२ रुग्णांना अमेरिकेत यांपैकीच पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकाचीही गाठ पुरेशी आकसली नाही. या कर्करोगात जनुकीय बदल तुलनेने कमी असतात. टी-पेशींनी ओळखावं असं परकेपण कर्कपेशींवर फारसं नसतं, हे या अपयशाचं एक संभाव्य कारण. संशोधन चालू राहायलाच हवं. पण प्रशिक्षित टी-पेशींची एवढी गर्दी जिथे हतबल ठरते, तिथे डब्यातली पावडर ‘प्रतिकारशक्ती वाढवून’ गाठ जिरवेल असं सांगणं ही सरळ फसवणूक आहे. याचा मला मनापासून संताप येतो. कारण त्या पावडरीपायी महिने जातात, आणि हा आजार बहुतेक वेळा बरा होणारा आहे.

तो बरा करणारं औषध जुनं आहे. बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये प्लॅटिनमच्या संयुगांचा जिवाणूंवर होणारा परिणाम दिसला. त्यातून सिस्प्लॅटिन आलं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांच्या जोडीने वृषणाच्या कर्करोगावर वापरलं आणि चित्र पालटलं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा आजार १९९६ मध्ये फुफ्फुसात आणि मेंदूत पोहोचला होता, तरी तो वाचला. वेळेत आलेले जवळजवळ सगळेच बरे होतात. पेटंटचे दिवस कधीच सरल्यामुळे हे औषध इम्युनोथेरपीच्या मानाने फार स्वस्त आहे.

अडतं ते लाजेपाशी. हा आजार मुख्यतः पंधरा ते चाळीस या वयातला. गाठ बहुधा दुखत नाही. ‘क्रिकेटचा बॉल लागला असेल’, ‘हायड्रोसिल असेल’ म्हणत पोरं गप्प राहतात. घरात हा विषय काढायचा कुणी? मला वाटतं, बापाने काढावा, मोठ्या भावाने काढावा. बाळाचं वृषण खाली उतरलेलं नसेल तर पहिल्या वर्ष-दीड वर्षातच शस्त्रक्रिया करून घ्यावी. तसं राहिलेल्यांना पुढे हा धोका जास्त असतो.

डॉक्टर मित्रांनाही विनंती. टणक गाठ लागली तर सुई घालू नका. आधी सोनोग्राफी आणि रक्तातल्या एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच या तपासण्या करा. वृषण काढायचं झालंच तर छेद जांघेतून घ्यावा लागतो, अंडकोशातून नव्हे. केमोथेरपीआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल त्या तरुणाशी मोकळेपणी बोला.

आणि तरुणांनो, अंघोळीच्या वेळी हाताला टणक काही लागलं, तर त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा.