कोंबड्यांची सर्दी आणि जंतूची जात

चाकणच्या बाजारांत कांद्याचें बीं घेणारा शेतकरी प्रथम त्याची जात विचारतो. परंतु कोंबड्यांस सर्दी झाली असतां तोच शेतकरी जंतूची जात न विचारतां लस व औषध विकत घेतो, ही गोष्ट आम्हांस चिंताजनक वाटते.

कोरायझा नांवाची ही सर्दी एव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनेरम या जंतूपासून होते. तींत तोंड सुजतें, नाकांतून दुर्गंधी स्राव वाहतो व अंड्यांचें उत्पन्न १० पासून ४० टक्क्यांपर्यंत घटतें. या जंतूचे ए, बी व सी असे तीन गट पेज या शास्त्रज्ञानें १९६२ सालीं दाखविले. एका गटाची लस दुसऱ्या गटाविरुद्ध भरंवशाची नसते. लस टोचूनहि रोग आला म्हणजे आपण लसीस दोष देतों. पण पुष्कळदां चूक निवडीची असते.

गट रक्तजलाच्या कसोटीनें ठरतो. जनुकांची तपासणी याच्याहि पुढें जाते. तिनें दोन खुराड्यांतील जंतु एकाच वंशाचे आहेत कीं नाहींत, हें पडताळतां येतें. हा जंतु पक्ष्याच्या शरीराबाहेर फार काळ टिकत नाहीं. बरी दिसणारी जुनी कोंबडीच तो वाहून नेते. म्हणून मावळांतील व खेडमधील जंतु एकाच वंशाचे निघाल्यास पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीचा माग काढणें प्राप्त होतें.

इतका खर्च लहान शेतकऱ्यास कसा झेपावा, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, तो एकट्यानें करूंच नये, संघानें करावा. औषधानें रोग दबतो, पण वाहक पक्षी राहतातच, आणि वारंवार दिलेलें औषध निकामी होत जातें. ज्या पिंपरींत १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली, तेथील शेतकऱ्यांस या औषधांचें मोल सांगावयास नको. कोलिस्टिनचा अन्नोपयोगी प्राण्यांतील वापर सरकारनें २०१९ सालीं बंद केला, तो याच भयानें.

सबब आमची सूचना अशी: रोग दिसतांच, औषध देण्यापूर्वीं, नुकतेच आजारी पडलेले २-३ पक्षी औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडे न्यावे, गट व वंश ठरवून मिळावा अशी मागणी संघानें खात्याकडे लावून धरावी, आणि मिळालेल्या निकालांची एकच वही संघाच्या कचेरींत सर्वांस पाहण्यास खुली ठेवावी. आपल्या खुराड्यांतील रोग लपविणारा शेजाऱ्याचें नुकसान करतोच, पण पुढील खेपेस स्वतःचेंहि करतो.