विश्लेषण : वनहक्काची हद्द संगणकात हरवू शकते?

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी हे एक. गडचिरोली आणि चंद्रपूरमध्ये वनहक्क म्हणजे अखेर हद्दीची नोंद. ही नोंद संगणकात गेल्यावर ती अचूक बाहेर काढणे हा निव्वळ तांत्रिक प्रश्न उरत नाही.

हद्द कोणत्या रूपात साठते?

जीपीएस यंत्र घेऊन शेताच्या किंवा जंगलाच्या कडेने फिरले की बिंदूंची साखळी तयार होते. ती बहुधा जीपीएक्स किंवा केएमएल स्वरूपात साठते. ही दोन्ही स्वरूपे एक्सएमएलवर आधारलेली आहेत. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत प्रत्येक माहितीला नावाची चिठ्ठी असते. अशी अख्खी फाइल डेटाबेसच्या एकाच रकान्यातही ठेवता येते.

त्यातून हवे तेवढेच कसे काढतात?

त्यासाठी ‘एक्सपाथ’ ही पत्ता सांगण्याची भाषा आहे. जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने घर सापडते, तसे ‘दावा, त्यातील भूखंड, त्याचे क्षेत्रफळ’ असा मार्ग दिला की मूल्य मिळते. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमधील ‘एक्सएमएलटेबल’ एका फाइलमधील अनेक भूखंडांच्या स्वतंत्र ओळी करून देते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हेच काम ‘नोड्स’ आणि ‘व्हॅल्यू’ करतात.

चुका कुठे होतात?

पहिली चूक ‘एक’ या आकड्याची. मार्गात ‘पहिला भूखंड’ असे लिहिले, तर दोन तुकडे कसणाऱ्या कुटुंबाचा दुसरा तुकडा गळतो. दुसरी, नामावकाशाची (नेमस्पेस). केएमएलमधील नावे विशिष्ट नामावकाशात असतात. तो सांगितला नाही, तर संगणक चूक दाखवत नाही, रिकामे उत्तर देतो. मग हद्द असूनही अहवालात ‘नोंद नाही’ असे येते. तिसरी, आकडा मजकूर म्हणून वाचण्याची. वैयक्तिक वनहक्काची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे, पण मजकुराच्या तुलनेत ‘१०’ हे ‘४’पेक्षा लहान ठरतात. चौथी, क्रमाची. केएमएलमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतो. उलटे वाचले, तर २० अंश अक्षांश आणि ८० अंश रेखांशाजवळचे गडचिरोली थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर जाऊन बसते. ही चूक नकाशावर लगेच दिसते. पहिल्या तीन मात्र दिसत नाहीत, म्हणून त्या अधिक घातक.

उपाय काय?

मूळ फाइल जशीच्या तशी जपावी आणि काढलेली मूल्ये वेगळ्या रकान्यांत ठेवावीत. फाइलमधील भूखंड आणि काढलेल्या ओळी यांची संख्या जुळवून पाहावी. रिकामे उत्तर म्हणजे ‘नकार’ नव्हे, तर ‘पुन्हा तपासा’ असा अर्थ घ्यावा. शेवटी यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. कारण आपला दुसरा तुकडा नाल्यापलीकडे आहे, हे कसणाऱ्यालाच ठाऊक असते.

२०१२ मध्ये सुधारलेले वनहक्क नियमही हेच सांगतात : उपग्रह प्रतिमा आणि तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. मग रकान्यातील एका रिकाम्या चौकटीवरून कुणाचा दावा अडणार असेल, तर आधी ती चौकट तपासायला हवी, दावेदाराला नव्हे.