संसर्गाचे भय आणि कापडी पिशवी

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, एप्रिल २०२०मध्ये, जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारच्या हिमाच्छादित रांगा दिसू लागल्या, तेव्हा माणूस यापुढे निसर्गाशी सलोख्याने वागेल, असे भाकीत अनेकांनी केले होते. ते भाबडे होते. आकाश निवळले ते वाहने आणि कारखाने थांबले म्हणून. माणसाचे मन पालटले म्हणून नव्हे. त्या वर्षी जगाचे कार्बन उत्सर्जन सुमारे पाच टक्क्यांनी घटले आणि २०२१मध्ये जवळपास पूर्वपदावर आले.

खरा बदल आकाशात नव्हे, हातातल्या पिशवीत घडत होता. ज्या सवयींना आपण पर्यावरणस्नेही म्हणतो, त्या बहुतांशी वस्तू पुन्हा वापरण्याच्या किंवा सोय इतरांसोबत वाटून घेण्याच्या असतात. कापडी पिशवी, घरून नेलेला पेला, बस, लोकल. साथीने नेमकी याच गोष्टींची धास्ती निर्माण केली. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२०मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवरील बंदी साठ दिवसांसाठी स्थगित केली. कॉफीच्या बड्या साखळी दुकानांनी ग्राहकाच्या पेल्यात कॉफी देणे थांबवले. महाराष्ट्रात २०१८च्या प्लॅस्टिकबंदीनंतर कापडी पिशवी कुठे अंगवळणी पडू लागली होती, तोच मुखपट्ट्या, हातमोजे आणि घरपोच जेवणाच्या डब्यांचा कचरा वाढला. दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले, ते एप्रिल २०२१मध्ये. तोवर वर्ष उलटले होते.

मुंबईकरांना तर निवडीची मुभाच नव्हती. मार्च २०२०मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झालेली लोकल, २०२१च्या आरंभीची ठरावीक वेळांपुरती सवलत वगळता, ऑगस्ट २०२१मध्ये उघडली. तीही दोन लसमात्रा घेतलेल्यांनाच. ज्यांना परवडले त्यांनी दरम्यान दुचाकी घेतली. कर्जाचे हप्ते भरणारा माणूस ती दारात उभी कशाला ठेवील?

सायकलींची मागणीही त्या काळात वाढली होती, हे नमूद करायला हवे. तथापि मागणी ही सवय नव्हे. पॅरिसने २०२०मध्ये घाईघाईने आखलेल्या तात्पुरत्या सायकल मार्गिका पुढे कायम केल्या आणि तिथला सायकलस्वार रस्त्यावर टिकला. आपल्या केंद्र सरकारनेही त्याच वर्षी शहरांसाठी सायकलविषयक स्पर्धा जाहीर केली. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात मात्र सायकल मार्गावर आजही मोटारी उभ्या असतात.