तुमच्याबद्दल कोण सांगणार?

‘नातेवाईक नसलेल्या, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे, पत्ते, फोन.’ नोकरीच्या अर्जातला हा शेवटचा रकाना आला की भल्याभल्या मैत्रिणींचं पेन अडतं. खासगी कंपन्या असा ‘रेफरन्स’ मागतातच. सरकारी नोकरीतही निवडीनंतरच्या पडताळणी फॉर्मात दोन नावं द्यावी लागतात.

आधी नोकरी केलेल्याला हे सोपं जातं. जुने साहेब असतात, सहकारी असतात. इतर बायकांचं काय? केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत १५ वर्षांवरील महिलांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. आकडा वाढला खरा. पण यातल्या बहुसंख्य जणी शेतीत, नाहीतर घरच्या धंद्यात राबतात. तिथे पगारपत्रक नाही आणि साहेबही नाही. काम पाहिलंय कुणी? नवऱ्याने, सासऱ्यांनी, दिराने. नेमके तेच चालत नाहीत!

बचत गटांच्या कामात फिरताना मात्र वाटतं, घराबाहेरचे साक्षीदार असतात. आपणच त्यांना मोजत नाही. गटाचे हिशेब पाच वर्षं चोख ठेवलेत? मग गटाची सहयोगिनी आहे, कर्ज देणाऱ्या बँकेचे अधिकारी आहेत. शाळेत पोषण आहार शिजवलात? मुख्याध्यापिका आहेत. शिवणकाम करता? तुमच्याकडून नेहमी माल घेणारा दुकानदार आहे.

फक्त त्यांना न विचारता परस्पर नाव लिहू नका. समक्ष भेटा. जागा कोणती, काम काय, फोन कधी येईल, हे सांगा. नुसतं ‘माझं नाव सांगाल ना?’ म्हणण्यापेक्षा ‘माझं जे काम तुम्ही पाहिलंय, तेवढं सांगाल का?’ असं विचारा. समोरच्याने का-कू केली तर आग्रह नको. फोनवर अडखळत दिलेलं उत्तर आपल्यालाच महागात पडतं. आणि नोकरी लागो न लागो, त्यांना आवर्जून कळवा.

यात मिंधेपणा कसला? वशिल्यात न केलेल्या कामाचं फळ मागतात. इथे केलेल्या कामाची साक्ष मागायची आहे.

आणि मैत्रिणींनो, उद्या एखादी तुमच्याकडे हेच मागायला आली, तर ‘यांना विचारून सांगते’ म्हणू नका. तिचं काम तुम्ही पाहिलंय ना? मग सांगा!