वाळूचे माहेर

समुद्र जमीन गिळतो, अशी तक्रार वसईच्या किनाऱ्यावरून सातत्याने ऐकू येते. सुरूची झाडे उन्मळली की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. दगड पडतात, नारळ फुटतो, पुढाऱ्यांची छायाचित्रे निघतात. आमचा प्रश्न साधा आहे : किनाऱ्याची वाळू येते कोठून?

जुन्नर-आंबेगावच्या घाटमाथ्यावर उभे राहिले की उत्तर मिळते. माळशेजच्या कड्यावरून पश्चिमेस कोसळणारे पाणी काळू नदीतून उल्हासला व तिथून वसईच्या खाडीला मिळते. पूर्वेचे पाणी कुकडी, मीना, घोड यांच्यावाटे भीमेत, पुढे कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. शंखशिंपल्यांचा चुरा सोडला, तर किनाऱ्याची वाळू म्हणजे नद्यांनी वाहून नेलेला डोंगरच. लाटा नेतात ते नदी भरून देते.

हा हिशेब माणसाने मोडला. डिंभे धरणाने शेते भिजवली, हे आम्ही नाकारत नाही. त्यासाठी जुने आंबेगाव बुडाले, हेही विसरत नाही. परंतु डिंभे, उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा भिंतींमागे गाळ अडतो आणि कृष्णेच्या मुखाशी जमीन मागे हटते. धरणाखाली जी वाळू उरते, ती रात्रीच्या ट्रकांत जाते. पश्चिमेकडील खाड्यांतही उपसा झालाच. पर्यावरण मंजुरीविना असा उपसा नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बजावले. कायदा आहे; लाज नाही.

बंधारा वाळू निर्माण करीत नाही. त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडते आणि भिंत संपते तिथे शेजारच्या गावाची धूप वाढते. एका गावाचे रक्षण म्हणजे दुसऱ्याचे मरण, याला आम्ही विकास म्हणावे काय?

दोष केवळ ठेकेदाराचा नाही. 2015 साली पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' आले. आम्ही त्यावर प्रवचने केली. मात्र आमच्या चर्चच्या सभागृहांना लागलेली वाळू कोणत्या नदीची, तिचा परवाना कोठे, हे किती धर्मग्रामांनी विचारले? दगडाच्या चुऱ्याची वाळू मिळत असता नदीचीच का हवी?

वाळूवर घर बांधणाऱ्याला प्रभूने मूर्ख म्हटले. दुसऱ्याच्या दारातील वाळू उचलून घर बांधणाऱ्याला तो काय म्हणेल?