परसातील पांढरे वांगे

मृगाचा पाऊस पडला की आपल्या घरांच्या परसांत विहिरीकाठच्या वाफ्यावर वांग्या-मिरच्यांची रोपे डोके वर काढतात आणि कुंपणावर दोडक्याचा वेल चढू लागतो. हा आपला जुनाच रिवाज. अलीकडे मात्र या परसांत एक नवी हौस शिरली आहे. तांबडी भेंडी, जांभळा कोबी, केशरी फुलकोबी, जांभळ्या शेंगांचा घेवडा अशा निराळ्या रंगांच्या भाज्यांचे बी बाजारात मिळू लागले आहे, आणि ते लावावे की न लावावे असे आम्हांस पुष्कळ जण विचारतात. या हौसेत आम्हीही सापडलो होतो व तीपायी आमच्या हातून एक नुकसान घडले. वाचकांपैकी कोणाचे तरी तसे नुकसान टळावे, म्हणून आज ती हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम या रंगांविषयीची शंका दूर करू. हा रंग औषध टोचून आणतात, असा समज गावोगाव आढळतो. तो खरा नव्हे. केशरी फुलकोबीचा मूळ गड्डा १९७० साली कॅनडातील एका शेतात पांढऱ्या गड्ड्यांमध्ये आपोआपच निपजलेला आढळला. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचा गुण इतर जातींत उतरविला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा बीटा केसरी’ ही जात त्याच प्रयत्नांचे फळ होय. वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने ‘काशी लालिमा’ नावाची तांबडी भेंडी तयार केली आहे. शिवाय एका गावचे नवल ते दुसऱ्या गावी रोजचेच असते. काळ्या-जांभळ्या वांग्यांची सवय असलेल्यास जळगावची भरिताची वांगी पाहून आश्चर्य वाटेल, कारण ती हिरवट असतात. पण त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

स्वयंपाकघरात या रंगांची वागणूक सारखी नसते. वांगे, जांभळा कोबी व तांबडी भेंडी यांतील रंगद्रव्यास अँथोसायनिन म्हणतात. ते पाण्यात विरघळते, म्हणून तांबडी भेंडी किंवा जांभळी शेंग शिजली की हिरवट दिसू लागते. गृहिणीने त्यामुळे भाजी बिघडली असे समजू नये. जांभळ्या कोबीत आमसूल किंवा लिंबू पडले तर तो तांबूस होतो आणि सोडा पडला तर निळा. केशरी फुलकोबी, गाजर व तांबडा भोपळा यांतील बीटा-कॅरोटीन हे द्रव्य मात्र पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनविते, आणि फोडणीला थोडे तेल असले तर ते अधिक अंगी लागते. तेव्हा या भाज्या लावण्यात वावगे काहीच नाही. पोरे ज्या भाजीला नाक मुरडतात तीच भाजी रंगासाठी पानात वाढून घेतात, हेही आम्ही पाहिले आहे.

आता आमची चूक. आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध माउली आहेत. त्यांच्या परसात पांढरी, अंड्याच्या आकाराची वांगी होत. हे बी त्यांच्या आईने लग्नात त्यांच्या ओटीत घातलेले. आणि त्यांनीही आपल्या लेकींना सासरी जाताना तेच दिले. आम्हांस बागेची आवड आहे हे पाहून एका वर्षी त्यांनी आपल्या बाटलीतील सारे बी आमच्या हाती ठेवले. “यंदा माझ्याने वाफा होत नाही, फादर. तुम्ही लावा आणि पुढल्या साली मला बी परत द्या,” एवढेच त्या म्हणाल्या.

आम्ही ती रोपे लावली. पण बाग रंगीबेरंगी दिसावी म्हणून शेजारच्याच सरीत बाजारातून आणलेली गर्द जांभळी वांगी लावली. त्या वर्षी बाग मोठी शोभिवंत झाली. पांढऱ्या झाडांना पांढरीच फळे आली, म्हणून आम्ही निर्धास्तपणे त्यांचे बी काढून माउलींना दिले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या परसात बारा झाडे वाढली, आणि त्यांपैकी चार झाडांना जांभळी फळे धरली. त्यांनी ती वांगी आम्हांस आणून दाखविली. रागावल्या नाहीत. “वांगी चांगली आहेत, फादर,” त्या म्हणाल्या, “पण ही आमची नव्हेत.” आम्हांस मान वर करवेना.

काय घडले होते? वांग्याचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. पण भुंगे व मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, आणि मग काही बी मिश्र होते. यातील फसवी गोष्ट अशी, की त्या वर्षीच्या फळावर याची कोणतीही खूण उमटत नाही. फळाचे अंग आईच्या झाडाचे असते. बाहेरचा अंश बियांत दडून राहतो व पुढल्या वर्षी प्रगट होतो. जांभळा रंग पांढऱ्यावर वरचढ ठरतो, म्हणून मिश्र बियांची झाडे जांभळी निघाली.

हा नियम जगाला एका धर्मगुरूनेच दाखवून दिला, हे आम्हांस शिकूनही ठाऊक असायला हवे होते. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे वाढविली. पिवळ्या व हिरव्या दाण्यांच्या वाटाण्यांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीचे सर्व दाणे पिवळे आले. हिरवा रंग जणू नाहीसाच झाला. त्या दाण्यांच्या झाडांवर पुढे ६,०२२ दाणे पिवळे व २,००१ हिरवे निघाले. म्हणजे दिसेनासा झालेला गुण नष्ट झालेला नव्हता. चारांत एक या प्रमाणात तो परत आला. मेंडेल १८८४ साली वारले, आणि त्यांच्या कामाचे मोल १९०० साली जगास कळले.

यावरून आम्हीही आशा धरली, की जांभळ्या झाडांच्या बियांतून पुढे काही पांढरी वांगी पुन्हा मिळतील. रंग कदाचित मिळालाही असता. पण तोच आकार, तीच चव आणि तीच पातळ साल एकाच झाडात पुन्हा एकत्र येतील याचा भरवसा नव्हता. उरलेल्या आठ झाडांतही कोणते निर्भेळ आहे, हे नुसत्या रंगावरून खात्रीने सांगता येईना.

अखेर उपाय आला तो वाळपईकडून. माउलींची धाकटी लेक तिकडे दिलेली आहे. तिच्या परसात आईने दिलेली वांगी अजून होती, आणि आसपास दुसरे वांगे कोणी लावीत नव्हते. नाताळला माहेरी येताना तिने राखेत घोळवलेले बी चिंधीत बांधून आणले. माउलींनी त्यातले अर्धे पुन्हा आमच्याच हाती दिले! तो विश्वास घेताना आम्हांस केवढा संकोच झाला म्हणून सांगावे!

तेव्हापासून आम्ही जे करतो ते वाचकांनीही करावे. रंगीत जाती खुशाल लावा, परंतु घरच्या बियांच्या झाडांपासून दूर, परसाच्या दुसऱ्या टोकाला. बियांसाठी राखायच्या फुलांना कळी उमलण्यापूर्वीच पातळ मलमलीची पिशवी बांधा. फळ धरले की ती सोडून देठाला खुणेचा दोरा बांधा. ते फळ खाण्यासाठी न तोडता झाडावरच पिवळे होऊ द्या. मग बी पाण्यात धुऊन, तळाशी बसलेले तेवढे घ्या व सावलीत वाळवा. पाकिटावर ‘संकरित’ असे लिहिले असेल तर त्या झाडांचे बी पुढे तसेच उतरत नाही. ‘सुधारित’ जातीचे मात्र राखता येते. भेंडीलाही हीच काळजी घ्यावी लागते.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरचे सारे बी एकाच बाटलीत व एकाच हाती ठेवू नका, मग तो हात धर्मगुरूचा का असेना. दर वर्षी निदान दोन घरी चिमूटभर बी द्या. माउलींचे वांगे वाचले ते आमच्या विद्येमुळे नव्हे; त्यांनी लेकीच्या ओटीत घातलेल्या मूठभर बियांमुळे. यंदा आमच्या वाफ्यात ती पांढरी वांगी एकटीच आहेत. ज्यांना बी हवे असेल त्यांनी फळे पिकल्यावर अवश्य यावे. मात्र येताना आपल्या परसातले काही बी आम्हांसाठी आणावे.